गच्चीवर लॉन हवंय, पण स्लॅबला विचारलंत का?

प्रश्न : नाशिकच्या एक वाचक लिहितात – सासऱ्यांनी १९९६ साली बांधलेलं आमचं रो-हाऊस आहे. वर साडेचारशे चौरस फुटांची मोकळी गच्ची. तिच्याखालच्या खोलीत सासू-सासरे झोपतात, आणि एप्रिल-मेमध्ये ती खोली रात्री अकरापर्यंत धगधगत असते. गच्चीवर लॉन केलं तर खोली गार राहील, संध्याकाळी वर बसता येईल, मुलांचे वाढदिवसही तिथेच करता येतील, असं मिस्टरांचं म्हणणं. एक लॉनवाला येऊन माप घेऊन गेला. सहा इंच लाल माती टाकायची, त्यावर मेक्सिकन लॉनचं कार्पेट अंथरायचं, चार दिवसांत काम पूर्ण, असं त्यानं सांगितलं. वजनाचं विचारलं तर म्हणाला, ‘मॅडम, गवतच तर आहे, झाडं थोडीच लावतोय?’ सासूबाई मात्र ठाम आहेत. ‘स्लॅब गळेल. मी असेपर्यंत वर माती चढणार नाही,’ असं त्यांनी सांगून टाकलंय. माझे प्रश्न तीन : माती कोणती आणि किती जाड घ्यावी, गवत कोणतं लावावं, आणि सासूबाईंना कसं समजवावं?

उत्तर :

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. सासूबाईंना समजवायची गरज आहे असं मला वाटत नाही. तुमच्या पत्रात लॉनवाला, मिस्टर, तुम्ही आणि सासूबाई असे चौघं बोलतात, आणि स्लॅबचं काय होईल, हा इंजिनिअरनं विचारायचा प्रश्न त्यातल्या एकट्या सासूबाईंनी लावून धरलाय. त्याचं उत्तर मिळेपर्यंत माती आणि गवत दोन्ही बाजूला ठेवू.

‘गवतच तर आहे’ हे लॉनवाल्याचं वाक्य खरं आहे. गवताला वजन नसतंच. वजन असतं मातीला, आणि मातीत मुरलेल्या पाण्याला. लाल माती पावसात पुरती भिजली की एका घनफुटाला साधारण पन्नास किलो भरते. सहा इंच म्हणजे अर्धा फूट, म्हणजे चौरस फुटाला २५ किलो. तुमच्या साडेचारशे फुटांवर हे झाले ११ टनांच्या वर. मातीच्या भाषेत सव्वादोन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). दीडशे मोठी माणसं गच्चीवर खांद्याला खांदा लावून रात्रंदिवस उभी राहावीत, इतका हा भार आहे. वाढदिवसाचे पाहुणे त्यावर आणखी वेगळे.

आता स्लॅब काय म्हणतो ते बघा. ज्या सपाट गच्चीवर लोकांची ये-जा असते तिच्यासाठी भारतीय मानक ८७५ च्या (इमारतीवर किती भार धरायचा ते सांगणाऱ्या) दुसऱ्या भागात चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो भार धरलेला आहे. चौरस फुटाला हे जेमतेम १४ किलो होतात. तुमचा लॉनवाला २५ मागतोय. शिवाय हे १४ किलो धरलेले असतात ते येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांसाठी, वाळवणासाठी, चार खुर्च्यांसाठी. आज आहेत, उद्या नाहीत अशा गोष्टींसाठी. माती एकदा चढली की हलत नाही. कायमच्या भाराखाली काँक्रीट वर्षानुवर्षं हळूहळू वाकत जातं, आणि मध्यभागी वाकलेल्या गच्चीवर पाणी नेमकं मध्यभागीच साठतं. सासूबाईंची गळती अशा वाटेनंही येऊ शकते.

घर १९९६ चं आहे, म्हणजे गच्चीवर बहुधा विटांच्या तुकड्यांचा कोबा असेल. त्याचंही वजन थोडंथोडकं नसतं. मधल्या काळात कधी गळती लागली म्हणून जुना कोबा न फोडता त्याच्यावरच दुसरा चढवला असेल (आपल्याकडे हे सर्रास होतं), तर स्लॅबनं आपला बराचसा वाटा आधीच उचललाय. मुंबईत मलबार हिलच्या हँगिंग गार्डनमध्ये आपण पाण्याच्या जलाशयाच्या डोक्यावर फिरत असतो, आणि नव्या संकुलांत पार्किंगच्या छतावर झाडंसुद्धा असतात. ती पाहून ‘त्यांना जमतं मग आपल्याला का नाही’ असं वाटणं साहजिक आहे. पण तिथे मातीचा भार नकाशाच्या कागदावर असतानाच धरलेला असतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअर. बांधकाम कंत्राटदार नको, ओळखीतला ‘अनुभवी’ माणूसही नको. सासऱ्यांकडे आरसीसीचं जुनं ड्रॉइंग असेल तर शोधा. त्या पिढीतले लोक असे कागद टाकत नाहीत. इंजिनिअरला ‘लॉन करू का?’ असं मोघम विचारू नका. ‘प्रत्येक चौरस मीटरला कायमचा किती भार चालेल, आणि गच्चीच्या कोणत्या भागात?’ असं विचारा आणि उत्तर लेखी घ्या. घर लोडबेअरिंग, म्हणजे भार पेलणाऱ्या भिंतींचं आहे की कॉलम-बीमचं, यावर ते बरंच अवलंबून असेल. रो-हाऊस असल्यानं शेजारची भिंत सामायिक आहे, हेही त्यांना दाखवा. ओल तुमच्याकडे झिरपली तर ती पलीकडच्या घरात उगवू शकते.

तोवर एक वेगळी गोष्ट विचारते. तुम्हाला नक्की काय हवंय? पत्रात तीन इच्छा एकत्र बांधल्या आहेत : खोली गार व्हावी, संध्याकाळी बसता यावं, आणि हिरवं दिसावं. तिन्हींचं उत्तर लॉनच, असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं वाटत नाही.

खोली गार करण्याचं काम लॉन करतं, हे खरं. माती ऊन अडवते, ओलावा उडताना उष्णता घेऊन जातो. पण त्यासाठी मे महिन्यातही माती ओली हवी. कडक उन्हाळ्यात लॉनला दर चौरस मीटरला रोज पाच-सहा लिटर पाणी सहज लागतं. तुमच्या पूर्ण गच्चीसाठी हे सव्वादोनशे लिटरच्या आसपास होतं, म्हणजे रोज एक मोठं पिंप, तेही ज्या दिवसांत नळाला पाणी कमी येतं नेमकं त्याच दिवसांत. ते पाणी कोण घालणार? पत्रात ‘आम्ही’ आहे, पण मिस्टर सकाळी कामावर जातात आणि सासूबाईंचा विरोध आहे. म्हणजे उरलात तुम्ही. मे महिन्यात आठ दिवस गावाला गेलात तर काय, याचाही विचार आजच करा.

फक्त गारव्यासाठी याच्याहून कितीतरी स्वस्त उपाय आहेत. येत्या मार्चमध्ये गच्ची स्वच्छ झाडून-धुऊन चुन्याचे दोन हात द्या, किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग लावा. चुना पावसात निघून जातो, दर वर्षी लावावा लागतो. रंग जास्त टिकतो. ज्या भागाखाली सासू-सासऱ्यांचा पलंग आहे त्यावर पाइपांच्या सांगाड्यावर शेडनेट ताणा. वजन नगण्य, पाणी शून्य. आधी हे एक उन्हाळा करून बघा, असं मी आग्रहानं सांगेन. खोली पुरेशी निवली तर लॉनचा प्रश्न निव्वळ हौसेचा उरतो, आणि हौस म्हटल्यावर ती छोटीही भागते.

आणि हिरवं म्हणाल, तर तुमच्याच जिल्ह्यातलं अंजनेरीचं पठार डोळ्यासमोर आणा. कातळावर कुठे बोटभर, कुठे वीतभर माती. पावसाळ्यात गवत आणि रानफुलं. अंजनेरीचंच नाव मिळालेली कंदीलपुष्पाची एक जात तिथली. दिवाळीनंतर सगळं पिवळं, मग तपकिरी, आणि पुढच्या जूनला पुन्हा जिवंत. आपल्या हवेत पातळ मातीवरचं गवत असंच वागतं. तुमची गच्ची म्हणजेही एक कातळच. तिथे बारा महिने हिरवंगार लॉन राखणं म्हणजे ऋतूशी रोज भांडण. चार-पाच महिने हिरवं आणि उरलेले महिने पिवळं गवत चालत असेल, तर पाण्याचा आणि कष्टाचा हिशोब एकदम बदलतो. (अंजनेरीहून रोपं मात्र उपटून आणू नका. ती गच्चीवर जगत नाहीत आणि तिथेही उरत नाहीत.)

आता धरून चालू की इंजिनिअरनं काही भागाला परवानगी दिली. माझा सल्ला पूर्ण गच्चीचा नाही; शंभर-सव्वाशे फुटांचा एक तुकडा, इंजिनिअर दाखवेल त्या जागी, बहुधा बीमच्या किंवा भिंतीच्या लगत. तुकडा छोटा केला तरी त्याच्याखालच्या चौरस मीटरवरचा भार तोच राहतो, म्हणून जागा आपल्या मनानं निवडायची नाही. संध्याकाळी चौघांना बसायला एवढं पुरतं. वाढदिवसाच्या पाहुण्यांच्या खुर्च्या लॉनवर मांडायच्या नाहीत. त्या कोऱ्या गच्चीवर, आणि किती माणसं चालतील तेही इंजिनिअरलाच विचारून.

माती चढण्याआधी गळतीची परीक्षा घ्या, आणि ती सासूबाईंच्या देखत घ्या. पाणी जाण्याची तोंडं बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी भरा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. खालच्या खोलीचं छत, भिंतीचे वरचे कोपरे, दिव्याच्या पट्ट्या हात लावून तपासा. दोन इंच पाण्याचा भार चौरस मीटरला ५० किलो, तेव्हा त्याची धास्ती नको. कुठेही ओल दिसली तर आधी वॉटरप्रूफिंग. वर माती असताना गळती शोधायची म्हणजे सगळं उपसायचं, आणि गळकी जागा क्वचितच ओल दिसते तिथेच वर असते.

थर असे लावायचे : वॉटरप्रूफिंगवर मुळं अडवणारा एचडीपीईचा (जाड प्लास्टिकचा) कागद, त्यावर पाणी वाहून जाण्यासाठी ड्रेन सेलच्या प्लास्टिकच्या जाळ्या, त्यावर जिओटेक्स्टाईलचं कापड, कडांना वर वळवलेलं, आणि मग माती. जिओटेक्स्टाईलऐवजी हिरवी शेडनेट टाकणारे लॉनवाले भेटतील. तिच्यातून बारीक माती खाली जाऊन ड्रेन सेल भरून टाकते. ड्रेन सेल टाकला म्हणजे उताराची गरज संपली, असंही नाही. पाणी शेवटी उतारानंच जातं. पाणी जाण्याची किमान दोन तोंडं हवीत, आणि कठड्यालगत व त्या तोंडांभोवती फूटभर पट्टा मातीविना, फक्त खडीचा. तोंडावर जाळी ठेवा आणि ते सतत डोळ्यांना दिसलं पाहिजे. श्रावणातल्या एखाद्या रात्री पाल्यापाचोळ्यानं तोंड बुजलं आणि गच्चीवर चार इंच पाणी चढलं, की चौरस मीटरला शंभर किलो नवा भार आला.

आता तुमचा पहिला प्रश्न, माती. सहा इंच लाल माती नकोच. काळी तर मुळीच नको; ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि पाणी धरून बसते. गच्चीवर जे घालायचं ते नावालाच माती असतं. घमेल्यांच्या मापानं सांगायचं तर चार घमेली विटांचा चुरा (हरभऱ्याएवढा, धूळ चाळून काढलेला), दोन घमेली चाळलेली लाल माती, दोन घमेली धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक ते दीड घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक घमेलं जळकी भाताची तुसं. घोटीच्या भातगिरण्या तुम्हाला जवळच आहेत, तुसांची ददात नाही. फक्त कच्ची तुसं घालू नका, ती कुजताना गवताच्या वाट्याचा नत्र खातात. वर दोन मुठी निंबोळी पेंड.

‘नुसतं कोकोपीट घाला, एकदम हलकं’ असाही सल्ला मिळेल. कोरडं असताना ते हलकं असतं, पण पाणी भरपूर पितं. एकदा पुरतं वाळलं की मात्र पाणी आत घ्यायला तयार होत नाही, आणि दोन-तीन वर्षांत कुजून बसतं. मग थर चार इंचांचा अडीच होतो. विटांचा चुरा बसत नाही. म्हणून मिश्रणात त्याचाच वाटा मोठा.

मिश्रण किती जड झालंय हे घरी तपासता येतं, आणि हे इंजिनिअरकडे जाण्याआधीच करा. दहा लिटरची बादली घ्या, बुडाला भोकं पाडा, मिश्रण काठोकाठ भरा, तासभर पाण्यात बुडवून ठेवा, मग निथळू द्या. बादलीचं वजन वजा करून जितके किलो भरतील त्याला दहानं गुणा. चार इंच थरासाठी चौरस मीटरला इतके किलो भार येईल. बारा किलो भरलं तर १२० किलो. हा आकडा घेऊन इंजिनिअरसमोर बसलात तर बोलणं मुद्द्याचं होतं. लॉनवाल्याच्या लाल मातीचीही अशीच बादली भरा, आणि दोन्ही बादल्या मिस्टरांना उचलायला लावा.

जाडी चार इंच. त्याहून कमीवर गवत उन्हाळ्यात तगत नाही. जास्तीचा मोह टाळा.

गवताकडे वळते. मेक्सिकन दिसायला सुंदर, दाट, सावकाश वाढतं, त्यामुळे कापणी कमी. पण ते तुडवलं जाणं फारसं सोसत नाही; मुलांनी एक जागा खराब केली की भरून यायला फार वेळ घेतं, आणि पाण्याचं नखरेल आहे. मुलं खेळणार असतील तर बर्म्युडा किंवा नर्सरीत ‘सिलेक्शन वन’ म्हणून मिळतं ते बरं, फक्त पावसाळ्यात दर आठवड्याला कापावं लागेल. आणि पिवळं पडलेलं चालणार असेल, तर आपली साधी हरळी. शेतकरी जिला शिव्या घालतो तोच तिचा गुण : वाळून कोळ झाली तरी पहिल्या पावसात उठते. तिच्या मुळ्या मात्र भेगा शोधत फिरतात, म्हणून तो खडीचा पट्टा आणि एचडीपीईचा कागद तिच्या बाबतीत टाळता येणार नाही. गणपतीला दूर्वा घरच्या मिळतील, हा मुद्दा सासूबाईंच्या कानावर घालायला हरकत नाही.

कार्पेट घेताना एक बघा. नर्सरीतून येणाऱ्या तुकड्यांना खाली इंचभर चिकट माती असते. हलक्या मिश्रणावर ती झाकणासारखी बसते आणि पाणी वरच्या वर राहतं. एकतर ती माती धुऊन काढा, नाहीतर कार्पेट न घेता जून-जुलैत तीन-चार इंचांवर काड्या टोचून लावा. पावसात दीड-दोन महिन्यांत ती जागा भरते, आणि खर्चही कमी. लाल माती घेताना तिच्यात लव्हाळ्याच्या गाठी नाहीत ना, हे मूठभर चाळून पाहा. लव्हाळा एकदा शिरला की उपटून संपत नाही. महिन्यातून एकदा कठड्याच्या सांध्यांतून हात फिरवा. पक्ष्यांच्या विष्ठेतून वड, पिंपळ, उंबर रुजतात आणि ते कोवळे असतानाच निघतात.

अजून एक धोका कुणी सांगत नाही, तो काम चालू असतानाचा. मजूर सगळी माती आणून गच्चीच्या एका कोपऱ्यात ढीग करतात, ‘उद्या पसरू’ म्हणतात. चार इंचांसाठी ठरवलेला भार त्या रात्री एका जागी चार फूट उंच होतो. माल पोत्यांतून वर आणायचा आणि आणला तसा पसरायचा, हे आधीच बजावून ठेवा. त्या दिवशी घरी थांबा.

इंजिनिअर पूर्ण नाहीच म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका. बीमच्या रेषेवर ठेवलेल्या दहा-बारा कुंड्या लॉनहून हलक्या पडतात, कारण लॉन प्रत्येक इंचावर माती मागतं आणि कुंडी फक्त स्वतःच्या बुडापुरती. किती आणि कुठे, हे मात्र त्याच भेटीत ठरवून घ्या. उथळ ट्रेमध्ये चिनी गुलाब, पावसाळी लिली, घोळ, गवती चहा, कोरफड लावा. घोळीची भाजीही होते.

कामाचा क्रम असा ठेवा : आता बादलीचं वजन आणि इंजिनिअर, मार्चमध्ये चुना आणि एक उन्हाळा बघणं; तरीही लॉन हवंच असेल तर पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पाण्याची परीक्षा, मेमध्ये थर आणि मिश्रण, जूनच्या पहिल्या सरींनंतर गवत. लॉनवाल्याला आगाऊ रक्कम देण्याआधी इंजिनिअरचा कागद हातात हवा. करारात थरांची नावं, मिश्रणाची जाडी आणि ओलं वजन लिहून घ्या, आणि निम्मे पैसे पावसाळा संपून खालच्या खोलीचं छत कोरडं दिसल्यावरच द्यायचे, असं ठरवा. तो याला तयार नसेल तर दुसरा बघा.